पाण्याचा जडपणा: शेजारच्या बोअरचं पाणी वेगळं का, आणि घरात त्यावर काय करावं

गीझरची कॉइल लवकर जळते, नळाच्या जाळीवर पांढरी पुटं चढतात, साबणाला फेस यायच्या ऐवजी बादलीच्या कडेला चिकट साका धरतो. या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. या दोघांच्या एकत्रित प्रमाणाला पाण्याचा जडपणा म्हणतात. पाण्यात सोडियम, क्लोराइड, सिलिका असं बरंच काही असतं, पण ते जडपणात धरत नाहीत. खरेदीतल्या निम्म्या चुका इथेच होतात, म्हणून आधी आकड्यांचं बोलू.

आकडा कसा वाचायचा

जडपणा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये सांगतात, पण तो ‘कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात’ असतो. दोन वेगळ्या धातूंची बेरीज करण्यासाठी दोन्ही एकाच मापात आणावे लागतात. प्रयोगशाळेच्या अहवालात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटे दिले असतील, तर कॅल्शियमला 2.5 ने आणि मॅग्नेशियमला 4.1 ने गुणून बेरीज करा. उदाहरणार्थ कॅल्शियम 80 आणि मॅग्नेशियम 30 असेल, तर 200 अधिक 123, म्हणजे जडपणा 323. मॅग्नेशियमचा आकडा लहान दिसतो म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं, पण इथे एकतृतीयांशाहून जास्त वाटा त्याचाच आहे.

सर्वसाधारण विभागणी अशी: 60 पर्यंत हलकं, 61 ते 120 मध्यम, 121 ते 180 जड आणि त्यापुढे अतिजड. भांडी धुण्याच्या किंवा कपड्यांच्या यंत्राच्या पुस्तिकेत बऱ्याचदा जर्मन अंश दिलेले असतात. एक जर्मन अंश म्हणजे 17.8 मिलिग्रॅम, एक फ्रेंच अंश म्हणजे 10. सॉफ्टनरच्या (जडपणा काढणाऱ्या यंत्राच्या) माहितीपत्रकात ग्रेन प्रति गॅलन दिसेल; तो अमेरिकी गॅलन असतो आणि एक ग्रेन म्हणजे 17.1.

आता टीडीएस मीटर. तो पेनासारखा मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. त्यातलं कॅल्शियम किती आणि सोडियम किती, हे त्याला कळत नाही. टीडीएस 900 असलेलं पाणी हलकं असू शकतं आणि 350 वालं चांगलंच जड. सॉफ्टनर बसवल्यावर टीडीएस कमी झाला नाही म्हणून यंत्र बिघडलंय असं समजणारे पुष्कळ असतात. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे टीडीएस होता तिथेच राहणार, कदाचित थोडा वाढेलही.

जडपणाचे दोन भाग पडतात. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जोडीला बायकार्बोनेट असेल तर तो तात्पुरता जडपणा. उकळल्यावर त्याचा बराचसा भाग पांढऱ्या साक्याच्या रूपात खाली बसतो. सल्फेट किंवा क्लोराइड असेल तर कायमचा. उकळून तो हलत नाही. अहवालात ‘अल्कलिनिटी’ (पाण्यातल्या मुख्यतः बायकार्बोनेटचं माप) असा आकडा असतो, त्याच्याशी तुलना करा. जडपणा 323 आणि अल्कलिनिटी 220 असेल तर 220 तात्पुरता आणि उरलेला 103 कायमचा. अल्कलिनिटी जडपणाएवढी किंवा त्याहून जास्त असेल तर सगळाच तात्पुरता. गीझरमध्ये थर धरतो तो मुख्यतः तात्पुरता भाग, त्यामुळे एकूण जडपणा सारखाच असलेल्या दोन घरांतही गीझरचे हाल वेगळे असू शकतात.

जागा बदलली की पाणी का बदलतं

पावसाच्या पाण्यात जडपणा जवळजवळ नसतोच. तो जमिनीत मुरताना येतो, आणि तो किती येणार हे नुसत्या खडकावर ठरत नाही, कार्बन डायऑक्साइडवरही ठरतं. चुनखडी शुद्ध पाण्यात फारशी विरघळतच नाही. लिटरला जेमतेम 14 मिलिग्रॅम. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळलेला असेल तर हा आकडा 50 च्या आसपास जातो. पण मातीत मुळं आणि जिवाणू सतत श्वसन करत असतात, तिथल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. असं आम्लधर्मी झालेलं पाणी चुनखडीतून गेलं की लिटरला 200 ते 300 मिलिग्रॅम सहज उचलतं. पुढे हेच पाणी तापलं किंवा उघड्यावर आलं की कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि विरघळलेली चुनखडी परत बाहेर पडते. गुहेतले लवणस्तंभ आणि तुमच्या नळाच्या तोंडावरचा खडा एकाच क्रियेतून बनतात.

खडकांचं गणित साधारण असं. ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झी वालुकाश्म सहजी विरघळत नाहीत, म्हणून तिथल्या ओढ्यांचं आणि तलावांचं पाणी हलकं. चुनखडी आणि खडू जड पाणी देतात. डोलोमाइटमध्ये मॅग्नेशियमही येतं. जिप्सम सगळ्यात त्रासदायक. ते कार्बन डायऑक्साइडची वाट न पाहता लिटरला दोन ग्रॅमच्या वर विरघळतं, त्यामुळे जडपणा हजाराच्या पुढे जाऊ शकतो, आणि तो सगळा कायमचा. बेसॉल्ट मधोमध येतो. त्यातली खनिजं हळूहळू झिजून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही सोडतात, सोबत सिलिकाही. दख्खनच्या पठारावर वाहत्या नदीचं पाणी मध्यम असतं. पण त्याच बेसॉल्टच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरलेलं बोअरचं पाणी बरंच जड लागू शकतं.

लंडनचं पाणी जड आहे, कारण शहराच्या खाली आणि नद्यांच्या उगमाकडे खडूचे थर आहेत. ग्लासगोला 1859 पासून लॉक कॅट्रिन या डोंगरी तलावाचं पाणी मिळतं आणि ते अतिशय हलकं आहे. पण हलकं म्हणजे निर्धोक असं नाही. नळाच्या आत थर धरत नसल्याने असं पाणी थेट धातूला भिडतं. ग्लासगोत जुन्या शिशाच्या नळांतून शिसं पाण्यात उतरत होतं आणि त्यासाठी पाण्यावर वेगळी प्रक्रिया करावी लागली. 100 च्या खालचं पाणी नळ कुरतडतं आणि 200 च्या वरचं नळ बुजवतं, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. अर्थात सामू (पीएच) आणि अल्कलिनिटी पाहिल्याशिवाय त्यावर पैज लावू नये.

नकाशावर एका जिल्ह्याला एक रंग दिलेला असतो तो सरासरीचा. प्रत्यक्षात शंभर मीटरवरच्या दोन बोअरमध्ये दुपटीचा फरक पडू शकतो, कारण एक बोअर उथळ भेगेतून ताजं मुरलेलं पाणी ओढत असते आणि दुसरी खोल थरातून जुनं. खोल म्हणजे जड असाच नियमही नाही. काही खोल थरांतली चिकणमाती पाण्यातलं कॅल्शियम स्वतःकडे घेऊन सोडियम सोडते, म्हणजे निसर्गानेच बसवलेला सॉफ्टनर. अशा बोअरचं पाणी हलकं असतं, साबण मस्त फेसाळतो, पण टीडीएस भरपूर आणि चव मचूळ.

किनाऱ्यावर नेमकं याच्या उलट होतं. समुद्राच्या पाण्याचा जडपणा 6,000 च्या वर असतो, बहुतेक मॅग्नेशियममुळे. उपसा वाढून विहिरीत 2 टक्के समुद्राचं पाणी शिरलं तरी जडपणा सव्वाशेने वाढतो. शिवाय आत शिरणारं सोडियम मातीतलं कॅल्शियम बाहेर ढकलतं, म्हणून वाढ या हिशेबापेक्षाही जास्त दिसते. कोरड्या प्रदेशात बाष्पीभवनाने क्षार घट्ट होत जातात. सिंचनाचं पाणी जमिनीतले क्षार धुऊन परत भूजलात आणतं. सांडपाणी मुरत असेल तिथेही जडपणा चढतो, आणि त्याच्यासोबत नायट्रेटही. तो प्रश्न जडपणाहून गंभीर आहे.

मग ऋतूचा फरक. पाऊस सुरू झाला की उथळ विहिरींचं पाणी पातळ होतं. मात्र पहिल्या जोरदार पावसात उलट घडू शकतं, कारण कोरड्या काळात मातीत साठलेले क्षार आधी धुऊन खाली येतात. नळपाणी योजनेत दोन स्रोत असतील तर कुठल्या दिवशी कुठलं पाणी येतं त्यावर जडपणा बदलतो. घरातल्या टाकीत बोअर आणि नळाचं पाणी एकत्र होत असेल तर हिशेब सोपा: 600 जडपणाचं एक भाग आणि 80 चं तीन भाग मिसळलं तर 600 अधिक 240, भागिले 4, म्हणजे 210. पुष्कळ घरांत असं मिसळण्याचं प्रमाण नीट ठेवलं तरी भागतं, यंत्र लागत नाही.

घरी मोजायचं कसं

थेंबांचं किट घ्या. कागदी पट्ट्या अंदाजापुरत्या ठीक असतात, पण 250 आणि 400 मधला फरक त्यांवर रंग बघून ठरवणं कठीण. किटमध्ये तीन बाटल्या असतात: बफर (सामू स्थिर ठेवणारं द्रावण), रंगसूचक आणि ईडीटीएचं, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणाऱ्या रसायनाचं, द्रावण. रंगसूचक टाकल्यावर जड पाणी लालसर होतं. मग ईडीटीए थेंबाथेंबाने टाकत, प्रत्येक थेंबानंतर हलवत, पाणी स्वच्छ निळं होईपर्यंत थेंब मोजायचे. मधे जांभळट छटा येते. ती शेवट नाही. लाल रंग पूर्ण गेला की थांबायचं. एका थेंबाला किती मिलिग्रॅम धरायचे ते किटवर लिहिलेलं असतं. प्रयोगशाळेत हीच चाचणी ब्युरेटने होते: 50 मिलिलिटर पाणी, 0.01 मोलर ईडीटीए, आणि लागलेल्या मिलिलिटरला 20 ने गुणायचं.

नमुना घेण्यात जास्त चुका होतात. बोअर असेल तर पंप दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून मग भरा, नाहीतर पाइपात साचलेलं पाणी मोजाल. बाटली गळ्यापर्यंत भरा, हवा ठेवू नका, आणि त्याच दिवशी तपासा. बाटलीत मोकळी हवा राहिली की कार्बन डायऑक्साइड निसटतो, तळाला पांढरी भुकटी बसते आणि आकडा खोटाच कमी येतो. फिल्टर किंवा आरओनंतरच्या नळाचं पाणी घेऊ नका. बाटलीवर स्रोत, खोली आणि तारीख लिहा. वर्षातून दोनदा, पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळ्याच्या शेवटी, प्रत्येक स्रोताचं वेगळं मोजमाप केलं की तुमच्या वस्तीचं खरं चित्र समोर येतं. आसपासच्या पाच-दहा घरांनी हेच केलं तर कुठल्याही छापील नकाशापेक्षा ते उपयोगी.

साबणाची चाचणीही करता येते, पण साबण खरा हवा. डिटर्जंट, शाम्पू, भांड्यांचं लिक्विड जड पाण्यातही फेसाळतं, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही. दोन सारख्या बाटल्यांत एकीत डिस्टिल्ड पाणी, दुसरीत नळाचं. दोन्हींत साबणाच्या द्रावणाचे सारखे थेंब टाकून हलवा. फरक जाणवतो, आकडा मात्र मिळत नाही.

थर कुठे धरतो आणि कसा काढायचा

बहुतेक क्षार गरम पाण्यात जास्त विरघळतात. कॅल्शियम कार्बोनेटचं उलटं आहे. म्हणून थर थंड पाइपात न धरता कॉइलवर, केटलच्या तळाला आणि सोलर हीटरच्या नळ्यांत धरतो, आणि 60 अंशांच्या पुढे तो झपाट्याने वाढतो. रोज 100 लिटर पाणी तापवलं आणि लिटरमागे फक्त 50 मिलिग्रॅम बाहेर पडलं, तरी दिवसाला 5 ग्रॅम, वर्षाला पावणेदोन किलोंच्या वर. यातला काही भाग पाण्याबरोबर वाहून जातो, पण उरलेला कॉइलभोवती गुंडाळतो. कॉइलची उष्णता पाण्यात जाईना की कॉइल आतून तापत जाते आणि शेवटी तुटते. वीज जास्त लागते हे खरं, पण खरा खर्च कॉइलचा.

पहिला आणि फुकटचा उपाय म्हणजे थर्मोस्टॅट 75 वरून 55 च्या आसपास आणणं. साठ्याचा गीझर सतत चालू असेल तर 50 च्या खाली मात्र ठेवू नका. कोमट साठ्यात लेजिओनेला जिवाणू वाढतो. मधूनमधून 60 च्या वर तापवलेलं बरं.

गीझर साफ करताना मेन स्विच बंद, पाण्याचा व्हॉल्व्ह बंद, टाकी रिकामी, मग फ्लँज (कॉइल बसवलेलं झाकण) उघडून कॉइल बाहेर. तळातला भुगा हाताने काढा. कॉइल लिटरला 50 ग्रॅम सायट्रिक आम्ल घातलेल्या कोमट पाण्यात बुडवा. वायरी जोडायची टोकं पाण्याच्या वर राहिली पाहिजेत. मॅग्नेशियमचा अॅनोड (टाकीऐवजी स्वतः झिजणारा दांडा) आधी काढून ठेवा, आम्ल तो खाऊन टाकतं. 50 ग्रॅम सायट्रिक आम्ल कागदावर जास्तीत जास्त 36 ग्रॅम थर विरघळवतं, प्रत्यक्षात कमी, म्हणून बुडबुडे थांबले आणि थर शिल्लक असेल तर नवं द्रावण घ्या. पाणी उकळतं घेऊ नका. कॅल्शियम सायट्रेट उष्णतेत कमी विरघळतं आणि पांढऱ्या चोथ्यासारखं परत कॉइलवरच बसतं. गास्केट नवी टाका, अर्ध्याहून जास्त झिजलेला अॅनोड बदला. गरम नळातून सलग पाणी येईपर्यंत वीज चालू करू नका, कोरडी कॉइल काही क्षणांत जळते. सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये क्षार साचून तो अडकला असेल तर तो बदलायचाच, कारण दाब वाढला की टाकी फुटू शकते.

शॉवर आणि नळाच्या जाळ्या व्हिनेगरमध्ये तासभर ठेवल्या तरी पुरे. आम्ल संगमरवरावर सांडू देऊ नका, आणि ब्लीचमध्ये तर कधीच मिसळू नका; विषारी क्लोरीन वायू निघतो.

थरावर व्हिनेगरचा थेंब टाकला आणि फसफसलं तर तो कार्बोनेट आहे. काहीच झालं नाही तर जिप्सम किंवा सिलिका असण्याची शक्यता. त्यावर घरगुती आम्ल वाया घालवू नका. सिलिकाचा थर घासूनच, किंवा तो भाग बदलूनच जातो.

सॉफ्टनर: हिशेब आणि बिघाड

जडपणा खरोखर काढणारी घरगुती साधनं दोनच: मिठावर चालणारा सॉफ्टनर आणि आरओ. आरओ पिण्यापुरता, पूर्ण घराला लावला तर बरंच पाणी वाया जातं, आणि जड पाण्याने त्याच्या पटलावरच थर धरतो. पाइपाला बांधायची चुंबकं आणि इलेक्ट्रॉनिक पट्ट्या जडपणा कमी करत नाहीत. आधी आणि नंतर थेंबांच्या किटने मोजा, आकडा तोच येईल. थर चिकटण्यात काही फरक पडतो का याचे पुरावे उलटसुलट आहेत, त्यावर भरवसा ठेवून गीझर सोडू नये. पॉलिफॉस्फेटच्या गोळ्या क्षारांना काही काळ बांधून ठेवतात, पण खूप गरम पाण्यात फॉस्फेटच तुटतं.

सॉफ्टनरचा आकार असा काढा. सॉफ्टनरमध्ये रेझिनचे, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून सोडियम सोडणारे, बारीक मणी असतात. एक लिटर रेझिन एका फेरीत साधारण 50 ग्रॅम जडपणा धरतं. 25 लिटर रेझिन म्हणजे 1,250 ग्रॅम. पाणी 300 चं असेल तर लिटरमागे 0.3 ग्रॅम, म्हणजे सुमारे 4,100 लिटर. चार माणसांचा वापर रोज 600 लिटर धरला तर जवळपास सात दिवस. मग रेझिन मिठाच्या पाण्याने परत भरायचं: लिटर रेझिनला सुमारे 120 ग्रॅम, म्हणजे 3 किलो मीठ. आधी दहा मिनिटं बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून धुणं), मग मिठाचं पाणी सावकाश वीस-तीस मिनिटं, मग खारट चव जाईपर्यंत धुणं. ही मधली पायरी घाईने उरकली की मीठ वाया जातं आणि रेझिन अर्धंच भरतं.

बिघाड बहुधा ठरलेले. मिठाच्या टाकीत वर कडक पापुद्रा धरतो आणि खाली पोकळी राहते. वरून मीठ भरलेलं दिसतं, पण पाण्यात उतरत नाही. काठीने फोडा. बारीक मीठ चिखलासारखं दबतं, म्हणून जाडं किंवा गोळ्यांचं घ्या. कच्च्या समुद्री मिठात स्वतःचंच कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, ते रेझिन नीट साफ करत नाही. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर रेझिनवर तांबूस लेप बसतो आणि क्षमता घटत जाते. सॉफ्टनरच्या आधी लोहाचा फिल्टर हवा. क्लोरीन जास्त असलेल्या पाण्यात रेझिनचे मणी हळूहळू मऊ होऊन तुटतात. गरम नळातून बारीक पिवळसर मणी येऊ लागले तर आतली जाळी फाटली आहे.

सगळा जडपणा काढायची गरज नाही. बायपास व्हॉल्व्हने 300 च्या पाण्यातलं 20 टक्के कच्चं सोडलं तर मिश्रण 60 चं होतं, नळ कुरतडण्याचा धोकाही कमी होतो आणि मीठही वाचतं. पिण्याचा नळ शक्यतो सॉफ्टनरच्या आधीच काढा. दर 100 मिलिग्रॅम जडपणामागे पाण्यात 46 मिलिग्रॅम सोडियम येतं. 300 चं पाणी पूर्ण हलकं केलं तर लिटरला 138. मिठाचं पथ्य असलेल्यांनी आणि बाळाचं दूध बनवताना हे पाणी टाळावं. पिण्यातल्या जडपणाला मात्र घाबरायचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणावरून जडपणाला मर्यादा घातलेली नाही.

आरशावरचे डाग सॉफ्टनरनंतरही पडतील, कारण थेंब वाळला की त्यात जे काही विरघळलेलं आहे ते मागे राहतंच. फरक इतकाच की सोडियमचे डाग ओल्या फडक्याने निघतात. आणि सॉफ्टनरचं रेझिन धुतल्यावर बाहेर पडणारं मिठाचं पाणी झाडांना घालू नका. त्यातल्या सोडियम-क्लोराइडने माती घट्ट होते आणि मुळं करपतात.